सदूचं नाक आणि नवी सिस्टिम

प्रगती ही नदीसारखी असते, ती कधी मागे वळून पाहत नाही. हे वाक्य मी रत्नागिरीत एका संगणक कक्षाच्या उद्घाटनाला ऐकलं. बोलणारे पाहुणे वजनदार होते, आवाज भारदस्त होता. त्यांच्या मागच्या पडद्यावर त्या वेळी प्रगतीची चित्रं दिसायला हवी होती. ती दिसत नव्हती, कारण आदल्या दिवशी कोणीतरी उत्साहाने कॉम्प्युटरवर नवी सिस्टिम चढवली होती आणि जुना प्रोजेक्टर तिला ओळख द्यायला तयार नव्हता. मी टेबलाखाली गुडघ्यांवर बसून वायर हलवत होतो. भाषण संपलं तेव्हाही पडदा पांढराच होता. टाळ्या मात्र झाल्या.

मी लिमये. रत्नागिरीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवून केस पांढरे केले. संपादकांनी 'धंद्यातले रंजक अनुभव' लिहायला सांगितले आहेत. रंजक हा शब्द त्यांचा आहे. माझ्या अनुभवांना पोटात गोळा येणं म्हणतात. कोणत्याही कॉम्प्युटरची सिस्टिम बदलायला घेतली की पडद्यावर टक्के चढू लागतात, आणि ते नव्वदच्या पुढे जाऊन थबकले की मला वाटतं आपण मेडिकलचं दुकान टाकायला हवं होतं.

बाहेरच्या माणसाला हा धंदा समजावायचा तर असा. कॉम्प्युटरला प्रिंटर, स्कॅनर, वजनकाटा अशी यंत्रं जोडलेली असतात. प्रत्येक यंत्राची बोली वेगळी. कॉम्प्युटर चालवणारी जी मूळ व्यवस्था, जिला आम्ही सिस्टिम म्हणतो, तिला या बोली येत नाहीत. मग मध्ये एक दुभाष्या लागतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. सिस्टिम बदलली म्हणजे कचेरीत नवा साहेब आला. जुने दुभाषे त्याला चालत नाहीत, आणि जुन्या यंत्रासाठी नवा दुभाष्या नेमायची कंपनीला इच्छा नसते. तिला नवं यंत्र विकायचं असतं. यंत्र धडधाकट, कॉम्प्युटर धडधाकट, आणि दोघं एकमेकांकडे पाठ करून बसलेले. या अबोल्यावर माझं घर चाललं.

एका वकिलांना मी सांगितलं, "स्कॅनर ठीक आहे, फक्त ड्रायव्हर नाही." ते म्हणाले, "शिमग्याला गावी गेला असेल. सोमवारी येईल." एका आंबेवाल्याचा पेट्यांवर चिठ्ठ्या छापणारा प्रिंटर ऐन एप्रिलमध्ये असाच गप्प झाला. तो माझ्या खांद्यावरून वाकून दर मिनिटाला म्हणायचा, "लिमये, आंबा थांबत नाही ओ." आंबा थांबत नाही हे मलाही माहीत होतं. दुकानभर वासच सुटला होता. शेवटी चिठ्ठ्या त्याच्या मुलींनी हाताने लिहिल्या आणि परदेशात माल पोचला. म्हणजे माझ्यावाचून कोणाचं अडत नाही, हेही मी या धंद्यात लवकर शिकलो.

मिरकरवाड्यातल्या बर्फाच्या कारखान्यात मात्र अडलं असतं.

हा कारखाना रमाकांत मयेकरांचा. मिरकरवाडा बंदरावरच्या बोटींना ते बर्फ पुरवतात. बर्फ गोठवायला अमोनिया वायू लागतो. तो नळ्यांतून आणि टाक्यांतून फिरत राहतो, मोठमोठे कॉम्प्रेसर त्याला दाबत राहतात. जोवर तो नळीत आहे तोवर गरीब गाय आहे. बाहेर आला की डोळे, घसा, फुप्फुसं, जे सापडेल ते जाळतो. पण त्याचा एक मोठा गुण आहे. त्याला उग्र वास असतो. चिमूटभर गळला तरी माणूस नाक धरून पळतो आणि वाचतो.

मयेकरांनी काही वर्षांपूर्वी कॉम्प्रेसरच्या खोलीत या वायूचा वास घेणाऱ्या तीन डब्या भिंतीवर बसवल्या. डब्यांची वायर ऑफिसातल्या कॉम्प्युटरला. पडद्यावर मोठा आकडा आणि त्यामागे रंग. हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे सावध, लाल म्हणजे गळती, आणि लाल झाला की कॉम्प्युटरच भोंगा वाजवणार. फीत कापली, नारळ फुटला, पाहुण्यांच्या भाषणात 'आधुनिकीकरण' हा शब्द इतक्यांदा आला की तो कोणीतरी पाहुणा असावा असं वाटलं. मीही टाळ्या वाजवल्या. तेव्हा मला खरं कारण माहीत नव्हतं.

ते कळलं ते परवाच्या नवरात्राच्या थोडं आधी. मयेकरांचा फोन आला.

"लिमये, हा कॉम्प्युटर मला रोज विचारत होता ओ, नवीन सिस्टिम घेऊ का, नवीन सिस्टिम घेऊ का. शेवटी म्हटलं, घे बाबा."

"कोणी विचारलं की लगेच हो म्हणायचं असतं का शेठ?"

"घरी तेच करतो ना. सवय लागली."

मी गेलो. वास घेणाऱ्या डब्यांचा प्रोग्राम उघडत होता, पण 'पोर्ट सापडत नाही' म्हणून बंद पडत होता. डब्यांची वायर जुन्या पद्धतीची, तशी खाच आता नव्या कॉम्प्युटरला नसते. म्हणून मध्ये एक जोडवायर लावलेली होती, एका टोकाला जुनं, दुसऱ्या टोकाला आजचं चपटं यूएसबी. या जोडवायरीत एक चिप असते. बाजारात मिळणाऱ्या निम्म्या वायरींत ती नकली असते. जुन्या सिस्टिमने कधी चौकशी केली नव्हती. नव्या सिस्टिमचा ड्रायव्हर मात्र नकली चिप ओळखतो आणि तिच्याशी बोलायचं नाकारतो. तत्त्वाने तो बरोबर होता. कारखान्याला तत्त्वाचा उपयोग नव्हता.

मी असली चिपची वायर मागवली, लावली, प्रोग्रामला तिचा पत्ता दिला. आकडा आला. एक, दोन, एक, तीन, दोन. हवा स्वच्छ असली तरी तो आकडा असा लुकलुकत असतो. हवेत कायम काही ना काही असतंच, आणि डब्या स्वस्तातल्या होत्या.

"आता खरी परीक्षा घेऊ," मी म्हणालो. "अमोनियाची छोटी बाटली आहे ना? बोळा भिजवून डबीजवळ धरा."

ऑफिस आणि कॉम्प्रेसरची खोली यांच्यामध्ये काचेची खिडकी आहे. पडदा त्या खिडकीला लावून आतल्या बाजूला तोंड करून ठेवलेला होता. मला ते विचित्र वाटलं होतं. ऑफिसातल्या माणसाला पाहायचं तर वळसा घालून आत जावं लागे. आत सदू होता. सदानंद गोताड, लांज्याकडचा, कारखान्याचा मशीनवाला. त्याने बोळा भिजवला आणि डबीखाली धरला. मी दारात होतो तरी माझ्या नाकात सुई गेल्यासारखं झालं. मयेकरवहिनी ऑफिसात होत्या, त्यांनी पदर नाकाला लावला. मयेकर खोकत बाहेर गेले. सदू मात्र चहाचा कप धरावा तसा बोळा धरून उभा होता. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि चेहरा शांत होता.

"चढला काय ओ आकडा?" त्याने विचारलं.

आकडा चढला होता. पडदा लाल झाला, भोंगा वाजला. मी त्याला हाताने बाहेर यायची खूण केली.

"सदू, तुला वास येत नाही?"

"नाय ओ. त्या करोनाच्या तापानंतर गेला. सुका बोंबील भाजलेला पन कलत नाय. बायको म्हनते, बरा झाला, भात करपला तरी गप खातोस."

"अरे, मग इथे काम कसं करतोस? वायू सुटला तर?"

"डोले झोंबले की कलता. पन तवा उशीर झालेला असतो." त्याने काचेतून दिसणाऱ्या पडद्याकडे बोट दाखवलं. "म्हनून तर ह्या शेठनी माज्यासाटी लावलानी."

मयेकर परत दारात आले होते, मी त्यांच्याकडे पाहिलं. ते छताकडे पाहत होते. नंतर जिन्यात मला म्हणाले, "त्याला काढला तर मशीन कोण सांभाळणार? आणि काढला तर तो जाणार कुठे? पाहुण्यांना काय सांगू, आमच्या माणसाचं नाक गेलं म्हणून मशीन आणलंय? आधुनिकीकरण म्हटलं की सगळे खूश."

एका माणसाच्या नाकाऐवजी माझी वायर. 

परत गेलो आणि सदूला खिडकीपाशी उभं करून नियम पाठ करून घेतला. हिरवं असेल तर काम. पिवळं झालं तर हात थांबव. लाल झालं, किंवा पडदा नुसता काळा झाला, तरी झडप बंद आणि सरळ बाहेर. काळ्याचं मी मुद्दाम घातलं. कॉम्प्युटर मध्येच मान टाकू शकतो, हे माझ्यापेक्षा जास्त कोणाला माहीत?

"काला झाला तरी भायेर," सदू म्हणाला. "विचार करायचा नाय."

"शाब्बास. विचार अजिबात करायचा नाही."

मग आली खंडेनवमी. ज्या अवजारावर पोट चालतं त्याची त्या दिवशी पूजा. आमच्याकडे कोयत्यापासून ट्रॉलरच्या इंजिनापर्यंत सगळ्यांना हळदकुंकू लागतं. मी स्वतः स्क्रू-ड्रायव्हरांचा संच पाटावर मांडतो आणि फूल वाहतो. कॉम्प्युटरला मात्र मी फक्त लांबून हात जोडतो, कारण कीबोर्डात गेलेल्या अक्षता काढायचं कामही माझ्याकडेच येतं. मयेकरांच्या कारखान्यातही पूजा झाली. प्रसादाचं बोलावणं होतं, मला जमलं नाही.

दुसऱ्या दिवशी दसरा. माझं घर भाट्याला. दुपारचं श्रीखंड वाढलेलं होतं आणि फोन वाजला. सिस्टिम बदलून दिलेल्या गिऱ्हाइकाचं नाव फोनवर दिसलं की मी आधी पाणी पितो. पाणी प्यायलो आणि फोन घेतला. मयेकर प्रसन्न होते.

"सोनं घ्या, सोन्यासारखं राहा. लिमये, तुमचं काम म्हणजे एक नंबर ओ! पूर्वी तो आकडा कसा सारखा लुकलुकायचा. आता कालपासून बघतोय, दोन म्हणजे दोन. जागचा हलला नाही. असली माल तो असलीच."

श्रीखंडाची वाटी माझ्या समोर होती. तिच्याकडे बघत मी विचारलं, "कालपासून? एकदाही हलला नाही?"

"नाही! काल पूजा झाल्यापासून एकदम ठाम."

लुकलुकणारा आकडा म्हणजे डब्या श्वास घेत आहेत. ठाम आकडा म्हणजे त्या मेल्या आहेत आणि पडदा त्यांचा शेवटचा श्वास दाखवत बसला आहे.

"शेठ, कारखान्यात आत्ता कोण आहे?"

"आज कोण असणार? सगळे दसऱ्याला. बोटी बंदरात आहेत, बर्फाला उठाव नाही, म्हणून सदूला म्हटलं आजच तेल काढून घे."

तेल काढणं म्हणजे काय ते सांगायला हवं. कॉम्प्रेसरमधलं वंगणाचं तेल अमोनियाबरोबर वाहत जाऊन टाकीच्या तळाशी साचतं. मधूनमधून तळाची झडप किंचित उघडून ते काढावं लागतं. तेल येतंय तोवर ठीक. तेल संपलं की त्याच भोकातून वायू येतो. नाकवाला माणूस पहिल्या फुसक्याला झडप बंद करतो. सदू पडद्याकडे बघून बंद करतो.

"त्याला बाहेर काढा. आत्ता."

"का ओ? हिरवं आहे की! मी सकाळी बघून आलोय."

"हिरवं आहे म्हणूनच."

 मग मयेकरांचा आवाज एकदम बारीक झाला. "मी नाचणे गावात आहे. तुम्ही जवळ आहात, लिमये."

सदूला फोन लावला. वाजत राहिला. पायात चपला होत्या की नव्हत्या ते आठवत नाही. स्कूटर काढली. भाट्याच्या पुलावर समोरून गाड्याच गाड्या, प्रत्येकीच्या नाकाला झेंडूची माळ, आणि सगळ्यांना सावकाश जायचं होतं. सणाला माणसं घाईत नसतात. एक रिक्षावाला मध्येच थांबून दुसऱ्या रिक्षावाल्याला आपट्याची पानं देत होता. मी भोंगा वाजवला तर मलाही दिली. पुलाखाली खाडी ओहोटीची चमकत होती आणि माझ्या डोक्यात एकच हिशेब फिरत होता, टाकीत तेल किती असेल आणि ते किती सावकाश उतरत असेल. मला त्यातलं काही कळत नाही. सावकाश उतरत असू दे, एवढंच मी म्हणत होतो, कोणाला ते माहीत नाही.

मिरकरवाड्यात बोटी एकमेकींना चिकटून उभ्या होत्या, झेंडे आणि फुलं लावून. कारखान्याच्या फाटकाशी एक मासळीवाली मावशी टोपली घेऊन बर्फाची वाट बघत बसली होती. तिच्या पदराचा बोळा नाकाशी होता. आणि मलाही तो वास आला. मासळीच्या वासाला चिरून येणारा, सुईसारखा.

"मावशी, हा वास कधीपासून येतोय?"

"येतोय ओ मगाधरनं."

"मग आत कोणाला सांगितलंत का?"

"सांगायचा काय? यांचा मशीन हाय ना लावलेला. भोंगा वाजला नाय, म्हटलं आपल्याच नाकाला काय झाला असेल."

या धंद्यात मी पुष्कळ वाक्यं ऐकली आहेत. यापेक्षा भयंकर वाक्य ऐकल्याचं आठवत नाही.

तिला लांब जायला सांगितलं आणि आत धावलो. कॉम्प्रेसरची घरघर एवढी की स्वतःचा आवाज ऐकू येईना. ऑफिसाच्या दारातच घसा आवळला. रुमाल नळाखाली धरून तोंडाला बांधला. खिडकीच्या काचेतून सदू दिसत होता. टाकीच्या तळाशी उकिडवा बसलेला, एक हात झडपेवर. बाहीने डोळे पुसायचा आणि मान वळवून पडद्याकडे बघायचा. पडद्याचा हिरवा उजेड काचेत पडलेला. आकडा अजून दोनच असणार. पुन्हा डोळे पुसायचा. त्याच्या शर्टाच्या पाठीवर घाम होता, आणि डोळ्यांतलं पाणीही तो घामातच धरत असावा. काचेवर मी दोन्ही मुठींनी बडवलं. त्याने ऐकलं नाही. ओरडलो तेव्हा तोंडात एवढा वायू गेला की वाकून खोकत राहिलो. त्याचा फोन टेबलावर चार्जिंगला लावलेला होता आणि त्यावर माझंच नाव दिसत होतं.

आत जायचं धाडस झालं नाही, हे सरळ सांगतो. आत गेलो असतो तर बाहेर दोघांना काढावं लागलं असतं आणि काढायला मावशीच होती.

मग माझं लक्ष पडद्याच्या कडेला गेलं. मॉनिटरचं बटण. नखाएवढं. मी ते दाबलं.

पडदा काळा झाला.

सदूने डोळे पुसले, मान वळवली, काळा पडदा पाहिला. त्याने विचार केला नाही. झडप फिरवून घट्ट केली, उठला, भिंतीला हात लावत लावत दाराकडे आला. दाराबाहेर मी त्याला दंडाला धरून उघड्यावर ओढला आणि पाण्याच्या पिंपात त्याचं तोंड बुडवलं.

"लाईट गेली काय ओ?" त्याने पाण्यातून वर येत विचारलं.

"नाही रे. मीच घालवली."

"मंग तेल अर्धाच राहिला ना."

मयेकर आणि वहिनी पोचले तेव्हा आम्ही दोघं फाटकाबाहेर बसून खोकत होतो आणि मावशी आमच्या डोक्यावर पाणी ओतत होती. पाण्यात अमोनिया विरघळतो, हे तिला कोणी सांगितलं होतं की ती आमच्यावर चिडली होती, ते कळलं नाही. दारं-खिडक्या उघडल्या, बाहेरच्या खटक्याने मशीन बंद केलं. सदूला सरकारी दवाखान्यात नेलं. डोळे लाल, घसा सोललेला, छाती वाचली. आणखी थोडा वेळ बसला असता तर काय, असं मयेकरांनी विचारलं. डॉक्टर सदूची छाती पुन्हा तपासायला वळले, त्यावरून समजलो.

मग शोध सुरू झाला, असली माल मेला कसा. वहिनींनी आपण होऊन सांगितलं.

"काल पूजेच्या आधी मीच साफ केला ओ कॉम्प्युटर. आधी बंद केला, मग विजेची जाड वायर सोडून सगळ्या वायरी काढल्या, पुसल्या, खाचांना कुंकू लावलं, परत लावल्या आणि पुन्हा चालू केला. एकही वायर उरली नाही."

"बंद कसा केलात?"

"हे बटण दाबून." त्यांनी मॉनिटरचं बटण दाखवलं.

घराघरांत हेच बटण दाबून कॉम्प्युटर बंद करतात. पडदा काळा झाला म्हणजे कॉम्प्युटर झोपला. तो झोपत नाही. प्रोग्राम आत चालूच होता आणि वहिनींनी त्याच्या डोळ्यांदेखत वायर उपटली. त्या प्रोग्रामला सुरुवातीलाच वायर मिळाली नाही तर तो तक्रार करतो. मध्येच गेली तर तक्रार करायचं त्याला कोणी शिकवलं नव्हतं. शेवटचा आकडा तो तसाच धरून राहिला. दोन.

"पण वायर मी परत लावली ना!"

"कुठल्या खाचेत?"

"जिथे बसली तिथे. मागे चार सारख्या तर आहेत."

त्या सारख्या दिसतात. कॉम्प्युटरच्या हिशेबी मात्र प्रत्येक खाच म्हणजे वेगळा दरवाजा, वेगळा नंबर. वायर एका दारातून काढून शेजारच्या दारात लावली की त्याला वाटतं, ही कोणीतरी दुसरीच पाहुणी आली. प्रोग्राम जुन्या दाराशी वाट बघत उभा, आणि डब्या नव्या दारात बोंबलत होत्या. सगळी वायर असली, सगळं कुंकू असली.

मयेकरांनी बायकोकडे बघितलं. वहिनी बधल्या नाहीत.

"माझ्याकडे काय बघता? वेगवेगळ्या असतील तर सारख्या करतात कशाला? कुकरचं झाकण दुसऱ्या कुकरला बसत नाही, ते कळतं की नाही?"

या प्रश्नाचं उत्तर मीही अनेक वर्षं शोधतो आहे.

दिवाळीच्या तोंडावर मयेकरांनी माझा सत्कार केला. मी नको म्हटलं होतं. शाल, श्रीफळ आणि तेच पाहुणे. त्यांनी सांगितलं की तंत्रज्ञानाने एका कामगाराचे प्राण वाचवले, आणि सदूला पुढे बोलावून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तंत्रज्ञानाने त्याला जवळजवळ मारला होता आणि मी फक्त ते बंद केलं होतं, हे मी सांगणार होतो. पण शाल गरम होत होती आणि मागे बुंदीचे लाडू वाट बघत होते.

मयेकरांनी आता भिंतीवर स्वतंत्र पेटी बसवली आहे. तिला स्वतःचा दिवा, स्वतःचा भोंगा आणि स्वतःची बॅटरी. कॉम्प्युटरशी तिचा काही संबंध नाही आणि तिला कोणी नवी सिस्टिम घेऊ का विचारत नाही. तेल काढताना सदूबरोबर एक दुसरा माणूस असतोच. त्याचं कामच नाक चालू ठेवून उभं राहणं. त्याला सर्दी झाली तर तेल निघत नाही.

मला त्या दुपारची धडकी अजून भरते. सदू वाचला, पण गावभर मी चालू करून ठेवलेली किती यंत्रं अशी शांतपणे दोन म्हणत बसली असतील? दवाखान्यांत, वजनकाट्यांवर, थंड गोदामांत. पूर्वी सिस्टिम बदलली की मी यंत्र चालतं का ते बघून पाणी पिऊन निघायचो. आता चालतं का ते शेवटी बघतो. आधी सगळ्यांसमोर त्याची वायर उपटतो आणि ते खरं बोलतं का ते बघतो. गिऱ्हाइकांना हे आवडत नाही. "चांगलं चाललेलं बंद का करता ओ?" म्हणतात. मी समजावत बसत नाही. पुन्हा वायर लावतो, तिच्यावर आणि खाचेवर लाल रंगाचा ठिपका देतो, आणि घरी येईपर्यंत फोन हातात धरतो.

सदूला मयेकरांनी नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. मीही गेलो होतो. डॉक्टर व्यासंगी आहेत. ते म्हणाले, गंध ही माणसाची सर्वांत प्राचीन संवेदना. माणसाच्या आठवणी, भीती, भूक आणि माया यांची मुळं तिच्यात आहेत. गेलेला गंध औषधाने परत येत नाही, पण तपश्चर्येने येऊ शकतो. रोज सकाळ-संध्याकाळ ठरावीक वास मन एकाग्र करून घ्यायचे, मेंदूला जुनी ओळख पुन्हा पुन्हा करून द्यायची.  मयेकरांनी नकळत हात जोडले. डॉक्टरांनी सदूला डोळे मिटायला सांगितले आणि त्याच्या तळहातावर एक लवंग ठेवली.

सदूने ती खाल्ली.